आईच्या गप्प बसण्याच्या ओळी

आमच्या घरात सगळ्यांत हळू बोलायची ती आई, आणि सगळ्यांत जास्त आवाज करायचा तो बाबांचा टाइपरायटर. हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या वरच्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत संध्याकाळी दोघं एकदमच कामाला लागायचे. बाबा कचेरीतून येत, हातपाय धूत, बशीत ओतून चहा पीत आणि गल्लीतल्या कुणाचा तरी अर्ज मशीनवर चढवत. खालच्या अम्मांचा तेलुगू रेडिओ, पाण्याच्या मोटारीची घरघर, आमच्या कुकरची शिट्टी, आणि या सगळ्यावर कडी म्हणून ओळ संपली की टिंग. त्या गदारोळात आई आतून विचारायची, सुजाता, भाकरी एक का दोन? आणि थांबायची. थांबायची म्हणजे खरंच थांबायची. हात परातीत तसाच, तवा तापून धूर निघतोय, पण उत्तर आल्याशिवाय पुढचा गोळा हातात घ्यायची नाही. माझा थोरला भाऊ मिलिंद, आमचा दादा, मुद्दाम गप्प राहून तिची मजा बघायचा. तो म्हणायचा, या गावात लोक प्रश्न विचारतात आणि उत्तरही आपणच देऊन मोकळे होतात, तूच एक अशी. त्यावर तिचं ठरलेलं होतं, "विचारलं तर ऐकायला नको का रे?" आणि मग परत थांबायची, याचंही उत्तर यायला हवं म्हणून.

बाबांविषयी दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही मूळचे नांदेडकडचे. गावात आमची वस्ती वेशीबाहेर होती, एवढं सांगितलं की मराठी वाचणाऱ्याला बाकीचं कळतं. बाबा हैदराबादेत आले, टायपिंग शिकले आणि सरकारी कचेरीत चिकटले. त्यांना या कामाचा अभिमान होता आणि त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. हातानं लिहिलं की हात कुणाचा ते लोक विचारतात, टाइप केलेल्या कागदावर हात दिसत नाही. त्यामुळे कचेरीचे नियम त्यांच्या अंगात भिनले होते. काहीही बाहेर पाठवायचं तर आपल्याकडे त्याची कागदावर प्रत हवीच. पक्कं झालं की कच्चं लगेच फाडायचं, दोन्ही शिल्लक राहिली की घोटाळा होतो. आणि वरच्यासारखाच मजकूर खाली आला तर तो पुन्हा टाइप करत बसायचं नाही, दोन बारक्या रेघांमध्ये ‘डू’ एवढंच मारायचं. वरच्याप्रमाणे, असा त्याचा अर्थ. हे ‘डू’ त्यांच्या जिभेवरही बसलं होतं. जेवण कसं झालंय विचारलं तर अंबाडीची भाजी झकास, वरण डू, असं म्हणायचे. आम्ही हसलो की त्यांना कळायचं नाही आम्ही का हसतोय ते.

दादा शिकायला अमेरिकेला गेला आणि तिथंच नोकरीला लागला. फोन यायचा तो रविवारी, खालच्या अम्मांकडे. आई पदर सावरून रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायची. जयभीम मिलिंद, जेवलास का? आणि थांबायची. तेव्हा परदेशातला आवाज जरा उशिरा पोचायचा, त्यामुळे ती थांबलेली दिसली की तिकडून दादा म्हणायचा, हॅलो, हॅलो, लाइन गेली वाटतं. मग दोघं एकदम बोलायचे, एकदम गप्प व्हायचे आणि तेवढ्यात फोन संपायचा. वर येताना जिन्यात ती मला विचारायची, काय म्हणाला गं तो? मी तरी काय सांगणार, मला तर फक्त हॅलो हॅलो ऐकू आलेलं असायचं.

मी तेव्हा दिलसुखनगरला एका कॉम्प्युटर शिकवणाऱ्या संस्थेत शिकवायला होते. स्वतः जेमतेम शिकलेली, पण तोरा असा की विचारू नका. संस्थेत एक मशीन मालकांच्या केबिनमध्ये होतं, त्याला माइक होता, स्पीकर होते आणि ई-मेलही होता. आजच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण त्या मेलमधून फक्त अक्षरं जायची. फोटो नाही, आवाज नाही, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बस्स. मी दादाला रोमन लिपीत मराठी लिहायची, तो तसंच उत्तर द्यायचा, आणि मी ते घरी येऊन वाचून दाखवायची. आईला वाचता येत नव्हतं. ती ऐकायची आणि म्हणायची, हे तूच बोलतेस, तो कुठं बोलतोय.

त्या वर्षी आईचा आवाज बसला. आधी आम्ही मिठाच्या गुळण्या केल्या, मग आल्याचा काढा, मग डॉक्टर, मग मोठे डॉक्टर. मोठ्या डॉक्टरांनी बाबांना आणि मला केबिनमध्ये बसवून सांगितलं की गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज राहणार नाही. बाहेर येऊन आईला कसं सांगायचं या विचारानं आम्ही दोघं परेशान. तिनंच बाबांच्या तोंडाकडे बघून ओळखलं. रडली नाही. रिक्षात बसल्यावर तिनं एवढंच विचारलं, मिलिंदला यायला जमेल का? आणि आमच्या तोंडाकडे बघत थांबली. दादाची नवी नोकरी होती आणि व्हिसाचं काहीतरी अडलं होतं. तिथून निघाला असता तर परत जाता आलं नसतं, असं तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. मी त्याला तेव्हा मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या, आता घालत नाही.

मग आईनं ठरवलं की आवाज आहे तोवर मिलिंदला चार शब्द पाठवायचे, आणि ऑपरेशनच्या आधी त्याला ते मिळायला हवेत. बाबा म्हणाले, कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणू, कॅसेट भरू, पोस्टात टाकू. किती शहाणी सूचना होती ती. पण पोस्टाला लागणारा वेळ आमच्याकडे नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला माझी विद्या दाखवायची होती. मी म्हटलं, कॅसेट नक्को, मी मेलनं पाठवते, उद्याच्या उद्या पोचेल. पाठवायचं ते मेलनं पाठवलं असतं आणि घरासाठी एक कॅसेटही भरून ठेवली असती तर काय बिघडलं असतं? आज तीसेक वर्षं झाली, हा प्रश्न मी स्वतःला विचारते.

दुपारी बॅच नसताना आईला संस्थेत नेलं. बाबाही आले, इस्त्रीचा शर्ट घालून. मालकांच्या खुर्चीत आई अवघडून बसली. मी माइक तिच्यासमोर धरला आणि सांगितलं, मिलिंद समोर बसलाय असं समजून बोल. तिनं ते शब्दशः घेतलं. आवाज खरखरत होता, पण तिचाच होता. "मिलिंद, जयभीम. जेवलास का?" आणि थांबली. मला वाटलं विसरली, मी खूण करणार तेवढ्यात म्हणाली, "बरं. झोप होते का?" पुन्हा थांबली. "बरं. इकडं कधी येतोस?" यावेळी ती इतका वेळ थांबली की बाबा खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाली, "बरं. जिवाला जप." संपलं. सगळं मिळून चहाला उकळी यायला लागतो तेवढाही वेळ नाही.

आता हा आवाज अक्षरांतून कसा पाठवायचा? त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम होता. मशीनसाठी आवाज म्हणजे नुसते आकडे. ते आकडे जसेच्या तसे मेलमध्ये घातले तर वाटेत त्यांचा चुथडा व्हायचा. म्हणून तो प्रोग्रॅम थोडे थोडे आकडे घेऊन त्यांच्या जागी साधी, टाइप करता येतील अशी चिन्हं मांडायचा. इंग्रजी मोठी अक्षरं, अंक, कंस, टिंबं. पलीकडच्या माणसानं उलटा प्रोग्रॅम चालवला की अक्षरांचा पुन्हा आवाज. पडद्यावर दिसायला निव्वळ बडबड, सारख्या लांबीच्या ओळीच्या ओळी, प्रत्येकीच्या सुरुवातीला एम. आईनं पडद्याकडे बघून विचारलं, हे माझं बोलणं? बाबांनी चष्मा लावून वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, याची प्रत काढ. मी म्हटलं, बाबा, याची प्रत कशाला, हे वाचता येत नाही. ते म्हणाले, बाहेर चाललंय ना, मग प्रत पाहिजे. मालक हसले, म्हणाले, क्या मॅडम, अम्मा की आवाज भी कागज पे छापते क्या. पण छापू दिलं. प्रिंटर बराच वेळ किरकिरत होता. बाबांनी तो गठ्ठा सुतळीनं बांधून घरी आणला, आणि मला त्याची जरा लाजच वाटली.

त्यानंतरचे दिवस दवाखान्यात गेले. आई वाचली. गळ्याला भोक, त्यावर ओला फडका, आणि नाकातल्या नळीतून पेज. मी बऱ्याच दिवसांनी संस्थेत गेले तर मेलमध्ये दादाचं उत्तर नव्हतं, मीच पाठवलेलं परत आलं होतं. पत्र फार मोठं, पेटीत मावत नाही, एवढाच निरोप, खाली पहिल्या चार ओळी आणि बाकी तोडलेलं. हरकत नाही, म्हटलं, तुकडे करून पाठवू. मशीनमध्ये मूळ फाइल शोधली तर आत काहीच नाही. पोरांच्या फ्लॉप्यांतून व्हायरस आला म्हणून मालकांनी सगळी मशीन पुसून नव्यानं भरली होती. माझ्याकडे त्या फाइलची प्रत ठेवलेली एक फ्लॉपी होती, ती मशीननं कर्रकर्र करून नाकारली. दुसऱ्या मशीनवर लावली, तेच. मी केबिनमध्ये खाली फरशीवर बसले आणि रडले. आईचा आवाज आता जगात कुठेही नव्हता, आणि तो मी घालवला होता.

घरी येऊन सगळं सांगितलं. बाबांनी उठून कपाटावरून गठ्ठा काढला, सुतळी सोडली आणि विचारलं, हे जसंच्या तसं पुन्हा टाइप केलं तर? मी म्हटलं, बाबा, हे शब्द नाहीत, यात चूक झालेली कळणारसुद्धा नाही. ते म्हणाले, मी आयुष्यभर ज्या भाषेत टाइप केलं ती तरी मला कुठं नीट कळत होती. ते नुकतेच निवृत्त झाले होते. दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन, मलकपेठेवरून जाणारी बस पकडून, रोज दुपारी ते संस्थेत येऊन कोपऱ्यातल्या मशीनवर बसायला लागले. कीबोर्डवर टाइपरायटरसारखे ठोके मारायचे, पोरं हसायची, ते वर बघायचे नाहीत. पान झालं की डोळ्यांनी एकदा ताडून बघायचे, आणि मग त्या पानाचे चार तुकडे करून टोपलीत टाकायचे. मी बघत होते. सवयच ती, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. घरी आई टाळी वाजवून खुणेनं विचारायची, झालं का? आणि बाबा बोटांनी दाखवायचे, एवढं राहिलं.

झालं त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पैशानं मालकांना इराणी चहा पाजला. मी उलटा प्रोग्रॅम चालवला. तो अडला. कुठं अडला म्हणून बघते तर एका ओळीच्या जागी दोन बारक्या रेघांमध्ये ‘डू’. पुढं आणखी एक. आणखी एक. मला तेव्हाही पूर्ण उमगलं नाही. मी त्या ओळी काढून टाकल्या आणि पुन्हा चालवलं, आणि स्पीकरमधून आई बोलली. बाबांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं. एक अक्षर चुकलं नव्हतं त्या माणसाचं. पण आई बोलत होती ती अशी, "मिलिंद जयभीम जेवलास का बरं झोप होते का बरं इकडं कधी येतोस बरं जिवाला जप." एका दमात, बस सुटतेय आणि खिडकीतून ओरडून सांगतेय तशी. बाबांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, ही इतक्या घाईत कधी बोलली?

मी विचारलं, बाबा, हे ‘डू’ कुठं कुठं मारलं? ते म्हणाले, अगं, तिथं सगळ्या ओळी एकसारख्याच होत्या, तीच चार चिन्हं, पुन्हा तीच, पानपानभर तीच. मग एकदा मारली आणि खाली सगळ्यांसाठी मिळून एकच डू. मी त्यांना समजावून सांगितलं. आवाज असतो तिथं चिन्हं बदलत राहतात. माणूस गप्प असतो तिथं तीच तीच येतात. त्या एकसारख्या ओळी म्हणजे आई थांबली होती ते. किती ओळी होत्या ते आठवतं का? त्यांनी टोपलीकडे बघितलं. टोपली रोज रिकामी होत होती.

मग ते म्हणाले, "तिथं ती गप्प बसली होती, हे तू मला सांगायला पाहिजे होतंस." एवढंच. रागावून नाही. त्यांनी मला आयुष्यात कधी बोल लावला असेल तर तो हाच, आणि तो खरा होता. मी शिकवत होते ना तिथं, रोज पोरांना शिकवत होते की मशीनला रिकामी जागासुद्धा सांगावी लागते.

मी माझ्या अंदाजानं मध्ये गप्प ओळी भरून बघितल्या. कधी फार झालं, कधी थोडं. बाबा मान हलवायचे, नाही, अशी नाही. शेवटी तेच म्हणाले, जिचं आहे तिलाच विचार. मग एका दुपारी आईला पुन्हा त्या खुर्चीत आणून बसवलं. गळ्याला पांढरा फडका बांधलेला, डोळे मात्र तेच. मी सांगितलं, तू थांबली होतीस तिथं हात वर कर, आणि पुन्हा बोलायची वेळ झाली की खाली घे, तेवढ्या ओळी मी भरते. मी लावलं, जेवलास का, आणि आवाज थांबवला. तिनं हात वर केला. पडद्याकडे बघत होती, तिथं जणू दादा काय जेवला ते सांगत होता. हात खाली आला. झोप होते का, हात वर, हात खाली. इकडं कधी येतोस. हात वर गेला तो वरच राहिला. बाबा घड्याळाकडे बघत होते, ते मध्येच घड्याळ बघायचं विसरले. तिनं दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला पण हात वरच ठेवला, आणि ती मान किंचित तिरकी करून ऐकत होती. मग तिनं तो हळूच मांडीवर ठेवला. मी मनात सेकंद मोजत होते, तेवढ्या ओळी भरल्या. पूर्ण लावलं तेव्हा आई ओळखू आली. तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला आणि बाबांकडे बघून हसली.

तुकडे करून पाठवलं, एकेक करून सगळे पोचले. आठवड्याभरात दादाचं उत्तर आलं. जोडायला वेळ लागला, पण जमलं, असं त्यानं लिहिलं होतं. पुढं लिहिलं होतं, फाइल बहुतेक वाटेत खराब झाली, मध्ये बराच वेळ आवाजच नाही, एके ठिकाणी तर खूपच. ते रिकामे भाग मी कापून टाकले, आता सलग छान वाजतं. आईला सांग, मी रोज ऐकतो.

त्यानं प्रेमानंच केलं होतं. मी लगेच लिहायला हवं होतं की अरे, ते रिकामं नव्हतं. लिहिलं नाही. त्याच्या डोक्यावर आधीच ओझं होतं, आणखी कशाला, असं वाटलं. माझ्याकडची फाइल पुढं ती संस्था बंद पडली तेव्हा तिच्याबरोबरच गेली. दादाची राहिली. आता ती आमच्या घरच्या ग्रुपवर फिरते, आईच्या स्मृतिदिनाला कुणीतरी टाकतंच. माझी नातवंडं म्हणतात, पणजी बहुत फास्ट बोलती थी ना? त्यांना हे मराठी वाचता येत नाही, आलं असतं तर हे सगळं त्यांच्यासाठी लिहिलंय असं म्हटलं असतं. मी त्यांना सांगते, नाही रे, ती फार हळू बोलायची, विचारून थांबायची. पोरं ‘हौ’ म्हणून मान डोलावतात आणि फोनमध्ये बघतात.

दादाचं ते उत्तर आलं त्या दिवशी संध्याकाळी मी मेल घरी वाचून दाखवला, कापल्याचं वगळून. रोज ऐकतो म्हणाला, एवढं सांगितलं. आई भाकरी थापत होती. ती थांबली, पिठाचा हात तसाच वर केला आणि माझ्याकडे बघत राहिली. मला क्षणभर कळलं नाही, मग कळलं. ती विचारत होती, त्या जागी तो काय म्हणाला? कधी येतो म्हणाला? मी कागदाची घडी घालायला लागले. मागून बाबा म्हणाले, "उन्हाळ्यात येतो म्हणालाय." आईनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्याकडेच बघत होती, हात वर. मी हो म्हणून मान डोलावली, तेव्हा तिनं हात खाली घेतला. त्या उन्हाळ्यात तिनं त्याची गादी दोनदा गच्चीवर नेऊन वाळवली. दादा आला नाही.